ओढीची रेघ

या. बसा.

पाठ टेकली तरी चालेल, ताठ राहिली तरी चालेल. तळपायांना जमीन लागू द्या.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर. घाई कसलीच नाही.

मनात एक शेड उभी करा. जालन्याची औद्योगिक वसाहत, रात्रीची वेळ. वर पत्रे, खाली कोबा. जवळच कुठेतरी रोलिंग मिल चालू आहे. भंगार वितळवून ओतलेलं पोलाद लालभडक होऊन रोलांमधून सरकतंय, लांब होतंय, सळई होतंय. त्याची घरघर भिंतीतून येते, कोब्यातून येते, तुमच्या तळपायांपर्यंत येते.

येऊ द्या. तिला अडवू नका. तिच्यामागे जाऊही नका.

शेडच्या मधोमध एक गाडी उभी आहे. बुटकी, लांबट. मागची चाकं रुंद, पुढची बारीक. सरळ रेषेत, थोडंसंच अंतर, अतिशय वेगानं कापण्यासाठी ती बनवली आहे. वळणाशी तिचं काही काम नाही.

आज रात्री ती कुठेही जाणार नाही.

आज तिच्या मागच्या बाजूला एक छत्री बसवायची आहे. कापडाची छत्री. थांबण्यासाठी.

आपण तेवढंच पाहणार आहोत.

*

आधी वेग ऐकू या.

शहराच्या कडेनं, निधोन्याच्या बाजूनं, समृद्धी महामार्ग जातो. नागपूरपासून मुंबईच्या दिशेनं ७०१ किलोमीटर. जालन्याची काळी जमीन ओलांडून, कपाशीच्या रानांमधून. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे.

एक सावकाश श्वास घ्या. आत आणि बाहेर मिळून साधारण चार सेकंद.

तेवढ्यात महामार्गावरची गाडी १३० मीटरांहून पुढे गेली.

आणखी एक श्वास. तसाच, सावकाश.

आपल्या शेडमधली गाडी ताशी २४० च्या वेगात असेल, तर या एका श्वासात तिनं अडीचशे मीटरांहून अधिक जमीन मागे टाकली.

एक श्वास. अडीचशे मीटर.

वेग दुप्पट झाला. थांबवायचं ओझं मात्र चौपट झालं. निसर्गाचा हिशेब असाच आहे, वेगाला वेगानं गुणायचं.

हे डोक्यात ठेवू नका. छातीपाशी ठेवा. चौपट.

एवढं ओझं कुठेतरी उतरायलाच हवं. ब्रेक दाबला की ते उष्णता होऊन चाकांपाशी गोळा होतं. डिस्क तापते. रबर जमिनीची पकड सोडू लागतं. चाकं थांबली तरी गाडी थांबत नाही.

म्हणून जमिनीवरचं थोडं ओझं हवेकडे सोपवायचं.

*

आता हवा पाहू या.

हवा दिसत नाही, हे खरं. तरी पाहू या.

गच्चीवर वाळत घातलेली ओली चादर आठवा. वारा पडला आहे. चादर सरळ लोंबते आहे.

वारा येतो. चादर फुगते. दोरी ताणली जाते. आणि ती ओढ दोरीवरून सरकत भिंतीतल्या खिळ्यापर्यंत पोचते.

चादर, दोरी, खिळा.

यापैकी एकाकडेच पाहायचं, तर खिळ्याकडे पाहा. फुगणं सगळ्यांना दिसतं. ओढ सोसणारा तो एक बिंदू कुणी पाहत नाही.

थोडा वेळ त्या खिळ्यापाशी राहा.

*

या भागातल्या माणसाला सरळ धावेचं वेड नवं नाही. मराठवाड्यात, विदर्भात शंकरपट भरतो. बैलांच्या जोड्या, सरळ पट्टा, सेकंदांवर ठरणारी हारजीत, धुरकऱ्याच्या हातात कासरा. जोडी सुटते तेव्हा सगळ्या नजरा सुरुवातीला असतात, मग निकालाला. मला त्यापुढचं मोकळं रान पाहावंसं वाटतं, जिथे जोडीला आवरायचं असतं.

मोटारींच्या सरळ शर्यतीतही तसंच. जुनं अंतर पाव मैलाचं, म्हणजे १,३२० फूट, ४०२ मीटर. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. रेघ ओलांडली की शर्यत संपते. गाडी संपत नाही. तिच्यापुढे आणखी रस्ता ठेवावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी थांबायची वाट धावायच्या वाटेहून लांब असते.

ही दुसरी वाट डोळ्यांसमोर आणा. प्रेक्षक नाहीत. दिवे कमी. नुसता रस्ता.

आपली छत्री या वाटेसाठी आहे.

*

आता गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसा.

समोर मोकळी जागा आहे. इथे दोन नळ्या येणार, त्यांच्या टोकाला एक डबा येणार, डब्यात कापड.

जालन्याच्या मिलांमधली सळई घरांच्या खांबांत जाते, पुलांत जाते. आपल्याला वेगळ्या जातीचं पोलाद लागेल. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेली, पातळ पण चिवट नळी. हातात घ्या. थंड आहे. वाटते त्यापेक्षा हलकी आहे.

ती कुठे जोडायची?

पत्र्याला नाही. बंपरला नाही. रंगवलेल्या, चकचकीत, बाहेरून दिसणाऱ्या कशालाही नाही. हे सगळं ओढीसरशी निघून येईल.

बोट आत न्या. पत्र्याच्या मागे. गाडीचा सांगाडा लागेल. चेसिसची नळी. सगळी गाडी जिच्यावर उभी आहे, ती.

इथे जोडायचं. हाडाला.

बोट तिथेच राहू द्या. एक श्वास.

*

आता उंची.

इथे फार सावकाश व्हायचं आहे. सगळ्या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट ही आहे.

प्रत्येक गाडीच्या आत एक जागा असते, जिथे तिचं सगळं वजन जणू एकवटलेलं असतं. तिथे काही भाग नसतो, खूण नसते. उघडून पाहिलं तर कदाचित तिथे नुसती पोकळी असेल. तरी गाडी त्या जागेभोवती वागते.

ती जागा शोधायला गाडी आधी सपाट तोलतात. मग एक टोक उचलून पुन्हा तोलतात. चाकांवरचं वजन किती सरकलं, त्यावरून मधल्या बिंदूची उंची कळते. पुष्कळ कारागीर अदमासानं इंजिनाच्या कॅमशाफ्टची उंची धरतात.

छत्री या उंचीच्या वर बांधली, तर ओढ गाडीचं नाक उचलू पाहते. पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग फिरतं, गाडी ऐकत नाही.

खाली बांधली, तर ओढ मागचा भाग उचलू पाहते. मागची चाकं हलकी होतात. शेपूट भरकटतं.

डावीकडे सरकली, तर गाडी डावीकडे. उजवीकडे सरकली, तर उजवीकडे.

म्हणून त्या न दिसणाऱ्या जागेतून एक रेघ काढायची. आडवी, गाडीच्या मधोमध, सरळ मागे जाणारी. शेडच्या दारातून बाहेर, अंधारात, जिथवर नजर जाईल तिथवर.

ही ओढीची रेघ. छत्री ज्याला बांधायची, तो बोल्ट या रेघेवर यायला हवा.

रेघ दिसते आहे का? दिसत नसेल तर जोर करू नका. नुसतं गाडीच्या मागे बसून राहा.

आता स्वतःकडे या. तुमचंही सगळं वजन आत कुठेतरी एकवटलेलं आहे. नाभीच्या मागे, जरा खाली. तिथे श्वास पोचतो का, पाहा.

पोचला तर पोचला. नाही तर तो जिथवर जातो, तिथवर त्याच्याबरोबर जा.

*

मन एव्हाना पुढे पळालं असेल. छत्री उघडताना पाहायला. स्वाभाविक आहे.

याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब नावाचं गाव आहे. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म तिथे झाला. त्यांनी दोनशेहून अधिक श्लोक थेट मनाशी बोलत लिहिले. चिडून नाही, समोर बसवून, पुन्हा पुन्हा.

आपणही तसंच करू. पळालेल्या मनाला हाक मारू. ये. अजून बोल्ट बसवायचा आहे.

बोल्ट घ्या. जाड आहे, वजनदार आहे. भोकात सरकवा. वॉशर. नट.

पाना लावा.

पहिले काही फेरे बोटांनीच होतात. मग हात लागतो. मग खांदा. मग एक क्षण येतो, जेव्हा नट आणखी फिरत नाही आणि पोलाद पोलादाला धरतं.

तो क्षण हाताला कळतो.

तिथे थांबा.

*

कापडाच्या छत्रीला इथवर यायला वेळ लागला आहे.

१९१२ साली रशियात ग्लेब कोतेल्निकोव यांनी आपली पाठीवरची छत्री पारखण्यासाठी ती धावत्या मोटारीला लावून उघडली. माणसाला आकाशातून उतरवण्यासाठी केलेली छत्री, आणि तिनं जमिनीवरची मोटार थांबवली. १९३७ मध्ये उत्तर ध्रुवाच्या बर्फावर उतरताना सोव्हिएत विमानांनी छत्रीचा आधार घेतला. बर्फावर ब्रेक कुणाला धरणार?

शर्यतीच्या गाड्यांनी ती १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात उचलली, लष्कराच्या छत्र्या पाहून. आज अमेरिकेतल्या एनएचआरए संस्थेच्या नियमानुसार ताशी १५० मैलांच्या पुढे, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरांच्या पुढे जाणाऱ्या गाडीला छत्री सक्तीची आहे. सगळ्यात वेगवान गाड्या पाचशे किलोमीटरांच्याही पुढे जातात. त्यांना दोन छत्र्या असतात.

पण मला पाहायचं आहे ते जवळचं.

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. मिग-२१ विमानं तिथे बांधली गेली. ही विमानं फार वेगानं उतरत. चाकं धावपट्टीला टेकली की शेपटीच्या बुंध्यापासून छत्री बाहेर पडे आणि विमानामागे फुले. वेग मंदावला की वैमानिक ती सोडून देई. मग जमिनीवरची माणसं येत. छत्री उचलत. झटकत, वाळवत, तपासत. आणि पुन्हा घडी घालत.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला या विमानानं हवाई दलाचा निरोप घेतला. त्या दिवशी वैमानिकांचा गौरव झाला, तो व्हायलाच हवा होता. मला मात्र घडी घालणाऱ्या हातांचे फोटो हवे होते. किती वर्षं, किती दुपारी, किती जणांनी ही घडी घातली असेल, आणि प्रत्येक वेळी ती उघडण्यावर कुणाचा तरी जीव असेल.

त्या हातांसाठी एक श्वास.

*

आता आपले हात.

कोब्यावर स्वच्छ ताडपत्री अंथरा. वाळूचा कण नको, तेलाचा थेंब नको. वाळू धागा कापते. तेल कापडाला चिकटवून ठेवतं.

छत्री पसरा.

ती गोल नाही. अधिकाच्या चिन्हासारखी आहे. दोन लांब पट्टे एकमेकांवर आडवे शिवलेले, आणि कोपऱ्यांत मोकळी जागा. काही छत्र्या फितींच्या असतात, फितीफितीत फट ठेवून विणलेल्या.

या मोकळ्या जागांकडे पाहा.

सगळी हवा अडवणारं कापड डोलतं. इकडून तिकडे झोके घेतं, गाडीला हिसके देतं. थोडी हवा जाऊ देणारं कापड रेघेवर टिकतं.

थोडी हवा जाऊ द्यायची.

तुमच्या जबड्यात काही आवळलेलं आहे का? खांद्यात? असेल तर ते तिथे आहे, एवढं पाहा. थोडी हवा जाऊ द्या.

कापडावरून तळहात फिरवा. नायलॉन. गुळगुळीत, जरा गार. शिवणीपाशी जाड. प्रत्येक शिवणीवरून बोट न्या, घाई न करता. कुठे जळल्याचा डाग, कुठे निसटलेला टाका, कुठे पातळ झालेली जागा. बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं.

आता दोऱ्या.

कापडाच्या कडेपासून निघून त्या सगळ्या एका जागी येतात. एकेक दोरी टोकापासून टोकापर्यंत हातातून सोडा. गुंता नको. पीळ नको. एक दोरी दुसरीवरून गेली असेल तर मागे जा, सोडवा, पुन्हा या.

मागे जायला कमीपणा नाही. इथे मागे जाणं हेच काम आहे.

दोऱ्या सरळ झाल्या.

कापडाची पहिली घडी. कडेला कड. हातानं हवा बाहेर काढा.

दुसरी घडी. हवा बाहेर.

तिसरी.

मोजू नका आता. घडी, आणि हवा बाहेर. घडी, आणि श्वास बाहेर.

मोठं कापड लहान होतं. मग आणखी लहान. हवेनं भरल्यावर जे गाडीहून रुंद होईल, ते आता दोन हातांत मावतं.

पिशवीत ठेवा. दोऱ्या नागमोडी वळवून इलास्टिकच्या फासांत अडकवा, एक वळण इकडे, एक तिकडे. बाहेर येताना आधी दोऱ्या सुटतील, एकेक फास सोडत. त्या ताणल्या गेल्यावरच कापड उघडेल. हा क्रम उलटला तर झटका फार मोठा बसतो. क्रम पाळला तर ओढ मोठी असते, पण ती येते, आदळत नाही.

पिशवी डब्यात ठेवा. सगळ्यात वर लहान छत्री. तळहाताहून थोडी मोठी, पोटात स्प्रिंग असलेली. ती दाबा. स्प्रिंगचा विरोध हाताला लागतो. दाबून धरा. झाकण बंद करा. पिन सरकवा.

हात काढा. हळूच.

काहीच हलत नाही. आत सगळं दाबलेलं, मिटलेलं, तयार आहे.

या डब्यापाशी बसून राहा. हवं तितका वेळ.

*

अजून दोन गोष्टी राहिल्या.

एक, लांब पट्टा. छत्रीच्या दोऱ्या जिथे एकत्र येतात, तिथून तो निघतो आणि बोल्टपाशी येतो. त्याला लांबी लागते. धावत्या गाडीच्या लगेच मागची हवा घुसळलेली असते, भोवऱ्यांची, गोंधळलेली. छत्री तिथेच उघडली तर फुगतच नाही, नुसती फडफडते. तिला गाडीपासून दूर, शांत हवेत पोचावं लागतं. दोन छत्र्या असतील तर दोन पट्टे वेगवेगळ्या लांबीचे ठेवतात, म्हणजे त्या एकमेकींत अडकत नाहीत.

पट्टा हातात घेऊन त्याची वाट तपासा. कुठे धारदार कड नको. कुठे तापलेला एक्झॉस्ट नको.

दुसरी, केबल. डब्याच्या पिनपासून निघून गाडीच्या पोटातून चालकाच्या हाताजवळच्या मुठीशी जाणारी. तिला ऐसपैस वळण द्या. काटकोनात वळवलेली केबल नेमक्या वेळी अडकते.

आता चालकाच्या जागेवर बसा. पट्टे आवळा, छातीवर, मांडीवर, खरे आवळा. हेल्मेट घातलं आहे असं समजा. मान वळत नाही.

हात मुठीकडे न्या.

पोचला?

डोळे न वळवता पोचला?

पोचत नसेल तर मूठ हलवा. हाताला ताणायला लावू नका. ती जागा हाताला अंधारातही सापडली पाहिजे.

*

एक थांबा इथे घ्यायचा आहे.

२१ जून २००८. अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य, इंग्लिशटाउनची शर्यतपट्टी. स्कॉट कॅलिटा यांच्या गाडीच्या इंजिनाचा स्फोट झाला. छत्र्या गाडीला आवरू शकल्या नाहीत. रस्ता संपला. कॅलिटा गेले.

त्यानंतर त्या सगळ्यात वेगवान गाड्यांचं अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणलं गेलं. धावायची वाट तीनशे वीस फुटांनी कमी केली, म्हणजे थांबायची वाट तेवढी वाढली.

बोलायचं काही नाही. एक श्वास. मग आणखी एक.

तो डबा, ती पिन, तो बोल्ट. पुन्हा एकदा नजर फिरवा.

*

आता धाव.

आपण गाडीत नाही, शेडमध्येही नाही. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, त्या बिनप्रेक्षकांच्या वाटेच्या कडेला उभे आहोत. पहाट झाली आहे. वारा नाही. आडवा वारा छत्रीला एका बाजूला नेतो आणि गाडीचं शेपूट तिच्यामागे जातं, म्हणून आज वारा नाही हे बरं आहे.

दूर, सुरुवातीच्या रेघेपाशी कुणीतरी डब्याला लावलेली सुरक्षेची दुसरी पिन काढून हातात उंच धरून दाखवतं. पिन निघाली. डबा मोकळा आहे.

आवाज येतो. तो कानांपेक्षा आधी छातीत येतो.

राहा. हलू नका.

गाडी मोठी होते. रेघ ओलांडते. चालकाचा हात मुठीकडे जातो.

झाकण उघडतं. लहान छत्री उडी मारून बाहेर येते, हवा धरते, पिशवी ओढते. दोऱ्या सुटतात, एकेक फास सोडत. पट्टा ताणला जातो.

कापड उघडतं.

एक धप्प आवाज. भरीव.

आणि ओढ त्या रेघेवरून धावत बोल्टपाशी येते, बोल्टवरून नळीत, नळीतून सांगाड्यात, सांगाड्यातून चालकाच्या छातीवरच्या पट्ट्यांत. सगळ्यात वेगवान गाड्यांत ही ओढ माणसाच्या वजनाच्या चौपट-पाचपट असते.

गाडीचं नाक उचललं गेलं नाही. शेपूट भरकटलं नाही. ती रेघेवर आहे.

आता यातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट पाहा.

छत्रीची ओढही वेगाला वेगानं गुणून येते. वेग दुप्पट, ओढ चौपट. ओझं ज्या हिशेबानं वाढलं होतं, त्याच हिशेबानं धरणारा हात बळकट होतो. आणि वेग निम्मा झाला की ओढ चौथाईवर येते. आणखी निम्मा झाला, तर सोळावा हिस्सा.

गाडी मंदावते, तसं कापड तिला सोडत जातं.

भरधाव असताना घट्ट. सावकाश होताना सैल. कुणी सांगावं लागत नाही. कापड आणि हवा आपापसांत ठरवतात.

पाहत राहा. घट्ट. मग थोडं सैल. मग आणखी सैल.

श्वासही तसाच सोडा. सुरुवातीला भरून, मग ओसरत, ओसरत.

शेवटचे काही मीटर छत्रीचे नाहीत. ती आता जमिनीला टेकते आहे, तिच्यात ओढ उरलेली नाही. ते मीटर ब्रेकचे. पाय हलकेच दाबतो, चाकं ऐकतात, कारण आता त्यांच्यावर पेलवेल तेवढंच ओझं आहे.

गाडी उभी राहते.

*

चला, तिच्याकडे जाऊ.

छत्री फरफटत नेऊ नका. दोन्ही हातांनी गोळा करा, बाळाचे कपडे उचलावेत तितक्या हलक्यानं. कडेला गवत लागलं असेल, दव लागलं असेल. ओली घडी घालायची नाही. सावलीत दोरीवर टाका. ऊन नको, उन्हानं नायलॉन कमजोर होतं.

वाळेपर्यंत बोल्ट पाहा. पाना लावून पाहा. नट जराही हलता कामा नये. वेल्डिंगवरून बोट फिरवा, केसाएवढी चीर तरी आहे का. पट्ट्याला जिथे घासल्याची खूण दिसेल, तिथे थांबा. तो जिथून गेला ती कड शोधा, आणि कानस लावून गोल करा.

आता कापडाला हात लावा. कोरडं आहे?

शिवणीपाशीही? तिथे ओल जास्त वेळ राहते.

कोरडं आहे. मग ताडपत्री झटकून अंथरा आणि दोऱ्या तुमच्या टोकाकडून सरळ करायला घ्या. दुसरं टोक मी धरलंय.